पाहणाऱ्याची साक्ष

इसवी सन १५१५ च्या मे महिन्याच्या २० तारखेस, गोव्याहून निघालेले एक जहाज लिस्बनच्या बंदरास लागले आणि त्यातून एक गेंडा उतरविण्यात आला. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातील गव्हर्नर आल्बुकेर्क याजकडे नजराणा म्हणून धाडलेले ते जनावर आल्बुकेर्कने आपल्या राजाकडे रवाना केले होते; रोमन साम्राज्याच्या अस्तानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा कोणी पाहिलेला नसल्यामुळे त्याच्या आगमनाची वार्ता पत्रांच्या द्वारे दूरदूरच्या शहरांत पोहोचली. अशांपैकी एक पत्र आणि त्याबरोबरचे कोणा अज्ञात हाताचे रेखाटन जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराच्या पाहण्यात आले. ड्यूरर हा त्या युगातील अग्रगण्य चित्रकार. माळरानावरच्या गवताच्या एका तुकड्याचे त्याने १५०३ साली केलेले जलरंगचित्र इतके सूक्ष्म आहे की त्यातील वनस्पतींच्या जाती वनस्पतिशास्त्रज्ञांना आजही ओळखता येतात. परंतु गवत त्याने पाहिले होते, गेंडा पाहिला नव्हता. आणि जे पाहिले नव्हते ते त्याने कल्पनेने भरून काढले. कातडीच्या घड्यांच्या जागी खिळ्यांनी जोडलेले पोलादी चिलखत आले, पायांवर खवले आले, आणि मानेच्या मागे एक पिळदार जादा शिंग आले. लाकडी ठशावरून छापलेले हे चित्र इतके लोकप्रिय झाले की पुढे दोन शतकांहून अधिक काळ विद्वानांच्या ग्रंथांतून त्याच्या नकला आणि त्या नकलांच्या नकला निघत राहिल्या. ज्या प्राण्यावरून हे सारे झाले तो बिचारा पोपच्या भेटीसाठी रोमकडे नेला जात असता १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून, साखळदंडाने जखडलेला असल्यामुळे, बुडून मेला.

या घटनेला शंभर वर्षे होण्याच्या आतच, गोव्याच्याच मार्गाने पण उलट दिशेने, एक अपरिचित पक्षी आग्र्यास पोहोचला. जहांगीर बादशहाच्या हुकुमावरून मुकर्रबखान नावाचा सरदार गोव्यास गेला होता आणि फिरंग्यांकडून नाना दुर्मिळ वस्तू खरीदून १६१२ साली तो दरबारी परतला. त्या जिनसांत मूळ अमेरिकेतला एक टर्की कोंबडाही होता. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात या पक्ष्याचे जे वर्णन केले आहे ते कोणाही प्राणिशास्त्रज्ञाने हेवा करावा असे आहे: डोक्यामानेचे पालटणारे रंग, आणि माथ्यावरचा तो मांसल लोंब, जो खाली सुटला म्हणजे हत्तीच्या सोंडेप्रमाणे वीतभर लोंबतो आणि आक्रसला म्हणजे गेंड्याच्या शिंगाप्रमाणे दोन बोटे उभा राहतो. परंतु केवळ वर्णनावर त्याचे समाधान झाले नाही. पणजोबा बाबर याने आपल्या ग्रंथात प्राण्यांची वर्णने लिहिली पण चित्रकारांकडून त्यांच्या तसबिरी काढविल्या नाहीत, अशी नोंद करून त्याने स्वतः मात्र चित्रे काढण्याची आज्ञा दिली. उस्ताद मन्सूरने काढलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पिसांच्या कडा, पायांवरचे खवले, गळ्याची सुरकुतलेली त्वचा, सर्व काही त्यात समोर पाहून टिपलेले. त्याच मन्सूरचे मानले जाणारे सुमारे १६२५ चे एक चित्र रशियातील हर्मिटाज संग्रहालयात आहे आणि त्यात मॉरिशस बेटावरचा डोडो उभा आहे. युरोपीय चित्रांतला डोडो बहुधा फोपसा आणि विनोदी दिसतो. मन्सूरचा तसा नाही, आणि डोडो कसा दिसत असावा याचा विचार करताना या चित्राला अभ्यासक फार वरचे स्थान देतात. त्या शतकाचा उत्तरार्ध सरेपर्यंत डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला, त्यामुळे या साक्षीची फेरतपासणी आता कोणाला करता येण्याजोगी नाही.

ड्यूररपेक्षा मन्सूर थोर, असा याचा अर्थ घेण्याचे कारण नाही. कलेच्या तराजूत दोघांचे वजन काय भरेल ते कलासमीक्षकांनी ठरवावे. निसर्गाचे ज्ञान देणाऱ्या चित्राची परीक्षा निराळ्या दरबारात होते आणि तेथे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की, चित्रकारा, तू हे कोठे पाहिलेस?

आता कोणी असे म्हणेल की छायाचित्राचा शोध लागल्यावर या प्रश्नाचे प्रयोजनच संपले, कारण कॅमेरा जे समोर नाही ते टिपू शकत नाही. आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. परंतु कॅमेऱ्याची अडचण नेमकी तीच आहे: जे समोर आहे ते सगळेच तो टिपतो, आणि समोर नसलेले, परंतु त्या वस्तूच्या सत्यात अंतर्भूत असलेले, काहीच टिपू शकत नाही. आपल्याकडील उंबराचे उदाहरण घ्यावे. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो, कारण ते फूल कोणाला दिसत नाही. वस्तुतः ज्याला आपण उंबर म्हणतो तो गोल आशय म्हणजेच शेकडो सूक्ष्म फुलांचा आतल्या बाजूस वळलेला बंदिस्त समूह होय. त्याच्या टोकाशी खवल्यांनी झाकलेले एक छिद्र असते. सुमारे दोन मिलिमीटर लांबीची एक गांधीलमाशीच्या कुळातली मादी त्या छिद्रातून अंग घासत आत शिरते, त्या धडपडीत तिचे पंख तुटून पडतात, आत लांब कुक्षिवृंत असलेल्या फुलांना ती आणलेले पराग देते आणि आखूड कुक्षिवृंताच्या फुलांत अंडी घालून तेथेच मरते. काही आठवड्यांनी त्या फुलांतून प्रथम बिनपंखी नर बाहेर पडतात, अद्याप फुलांतच कोंडलेल्या माद्यांशी त्यांचे मीलन होते, नर भिंत पोखरून वाट करतात आणि बहुधा बाहेरचा उजेड न उपभोगताच संपतात. माद्या दरम्यान पक्व झालेल्या पुंपुष्पांचे पराग घेऊन त्या वाटेने दुसऱ्या झाडाकडे उडून जातात.

हे सारे एका छायाचित्रात यायचे कसे? कापलेल्या उंबराचा फोटो घेतला तर त्यात एका क्षणाची अवस्था, ओलसर गोंधळ आणि प्रकाशाची चकाकी येईल. चित्रकार मात्र एका कागदावर चार उंबर उभे छेदून मांडतो, चार निरनिराळ्या आठवड्यांचे. शेकडो फुलांपैकी प्रत्येक प्रकाराचे एक फूल उचलून बाजूस मोठे करून दाखवितो. नर आणि मादी शेजारी शेजारी ठेवतो, म्हणजे पंखांचे असणे आणि नसणे डोळ्यांत भरते. आणि ज्या गोष्टी प्रस्तुत विषयाच्या नाहीत, म्हणजे मुंग्या, चीक, कुजका डाग, त्या सोडून देतो. असा कागद निसर्गात कोठेही अस्तित्वात नसतो, आणि तरीही तो निसर्गातल्या कोणत्याही एका उंबरापेक्षा अधिक खरा असतो. काय सोडावे याचा निर्णय हाच या कलेचा प्राण आहे. ज्याला विषय समजलेला नाही त्याला सोडता येत नाही. तो बिचारा सगळेच काढीत बसतो.

पक्ष्यांची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत हा सोडण्याचा निर्णय टोकाला गेलेला दिसतो. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन याने १९३४ साली पक्षी ओळखण्याचे जे पुस्तक काढले त्यात सारखे दिसणारे पक्षी एकाच बाजूस तोंड करून ओळीने उभे केले आणि जेथे फरक आहे नेमक्या त्याच जागी बारीक रेघेने बोट ठेवले. चित्र म्हणून ते रुक्ष आहे. दुर्बीण घेऊन रानात उभ्या असलेल्या माणसास मात्र त्याची किंमत कळते. आपल्याकडे १९४१ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या सालीम अली यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने सामान्य माणसाला पक्ष्यांची नावे शिकविली त्यातही रंगीत चित्रांचा वाटा मजकुराइतकाच मोठा होता.

या व्यवसायाची काही शिस्त आहे आणि ती सहज दृष्टीस पडत नाही. प्रकाश डावीकडून, वरच्या बाजूने पडतो असे मानून छाया द्यावयाची, म्हणजे कोणत्याही चित्रातील खोलगट भाग आणि फुगीर भाग वाचणाऱ्यास निःसंदिग्धपणे कळतात. छाया काळ्या शाईच्या ठिपक्यांनी द्यावयाची, कारण धुरकट छटा छपाईत चिखल होऊन बसतात. आकार किती पटीने मोठा केला ते अंकात लिहून भागत नाही. पान लहानमोठे करून छापले की तो अंक खोटा ठरतो, म्हणून चित्राशेजारी मापपट्टीच काढावयाची, जी चित्राबरोबर आक्रसते आणि चित्राबरोबर वाढते. दप्तरातल्या वाळक्या नमुन्यावरून काम करावयाचे असेल तर सुकलेले फूल पाण्यात उकळून मऊ करून मग भिंगाखाली उलगडावयाचे. रंगाची अडचण सर्वांत मोठी, कारण तोडलेल्या फुलाचा रंग कागद रंगेपर्यंत टिकत नाही. फर्डिनांड बाउअर हा ऑस्ट्रियन चित्रकार १८०१ साली एका इंग्रज जहाजाबरोबर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर गेला तेव्हा त्याने पेन्सिलीच्या रेखाटनांत प्रत्येक छटेसाठी एकेक क्रमांक लिहून ठेवला. असे सुमारे एक हजार क्रमांक त्याच्या संकेतावलीत होते, आणि युरोपात परतल्यावर, वर्षे उलटून गेल्यावर, त्या आकड्यांवरून त्याने रंग भरले. हिशेबनिसाची चिकाटी आणि चित्रकाराचा डोळा एकाच माणसात असल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

छापखान्यानेही साक्ष बिघडू शकते. ताम्रपटावर कोरलेले चित्र कागदावर उलटे उमटते, हे ठाऊक असून चित्रकार कधी कधी विसरतात. रेम्ब्रांटसारख्या श्रेष्ठ कलावंताने १६५० साली एका शंखाचे उत्कृष्ट चित्र कोरले. आपली सही सुलटी उमटावी म्हणून त्याने ती उलटी कोरण्याची खबरदारी घेतली, शंख मात्र जसा दिसला तसाच कोरला, आणि छापील चित्रात त्या शंखाचे वेढे निसर्गाच्या विरुद्ध दिशेने वळले. आपल्याकडे उलट्या वळणाचा, म्हणजे दक्षिणावर्ती, शंख लाखात एखादा सापडतो म्हणून त्याला मोठे मोल येते. निष्काळजी छापखाना असे शंख एका दुपारी शेकड्यांनी निर्माण करील. वेलीच्या वळणाचेही तेच आहे. कोणती वेल आधाराभोवती डावीकडून चढते आणि कोणती उजवीकडून, हे जातीजातीचे लक्षण असते आणि उलटे छापलेले चित्र त्याविषयी धडधडीत खोटे बोलते.

सोडण्याचा निर्णय किती दूर न्यावा, याविषयी मतभेद फार जुना आहे. ओटो ब्रुनफेल्स याने १५३० साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतिग्रंथासाठी हान्स वायडिट्झ याने जी चित्रे काढली त्यांत समोर ठेवलेले झुडूप जसेच्या तसे आहे; पान मान टाकून वाळलेले असेल तर वाळलेले, किड्याने कुरतडले असेल तर कुरतडलेले, देठ मोडला असेल तर मोडलेला. बारा वर्षांनी लेओनहार्ट फुक्स याने बाझेल येथून पाचशेहून अधिक चित्रांचा आपला ग्रंथ काढला आणि त्यात हे सर्व दोष काढून टाकले. त्याची वनस्पती ही कोणतीही एक वनस्पती नसून त्या जातीचा आदर्श होय, आणि म्हणून त्याच्या चित्रांत एकाच झाडावर फुले आणि पिकलेली फळे एकाच वेळी लगडलेली दिसतात. शास्त्राने पुढे फुक्सचा मार्ग पत्करला आणि जात ओळखण्याच्या कामी तो योग्यच होता. परंतु आज एखादे झाड कोणत्या किड्याने खाल्ले, पाने कोणत्या महिन्यात वाळली, अशा प्रश्नांना महत्त्व आले असताना वायडिट्झची ती कुरतडलेली पाने मला अधिक बोलकी वाटतात. फुक्सची एक गोष्ट मात्र निर्विवाद अनुकरणीय आहे. त्याने ग्रंथाच्या अखेरीस आपल्या दोन चित्रकारांच्या आणि ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या प्रतिमा, कुंचले व हत्यारे हाती घेतलेल्या, नावांसह छापल्या.

वनस्पतीचे चित्र हा कधी कधी शब्दशः दस्तऐवज होतो, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारातील वनस्पतींचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला, जो १६७८ पासून १६९३ पर्यंत आम्स्टरडॅम येथे छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पती आणि जवळजवळ आठशे ताम्रपटचित्रे असलेल्या या उद्योगात वनस्पतींची माहिती देणारा मुख्य माणूस इट्टी अच्युतन नावाचा मलयाळी वैद्य होता. आणि त्याच्या जोडीस रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, ज्यांच्या जातभाईंची घराणी गोव्यातून निघून कोचीनच्या आश्रयास गेलेली होती. या तिघांनी १६७५ साली आपण या कामी काय केले याचा दाखला कोंकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत लिहून दिला, आणि तो पहिल्या खंडात जसाच्या तसा कोरून छापलेला आहे. ताम्रपटचित्रांवरही वनस्पतींची नावे रोमन, मलयाळम आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीतही कोरलेली आढळतात. मराठी वाचकाने तो खंड उघडला तर सतराव्या शतकातील आम्स्टरडॅमच्या छपाईत आपली लिपी त्याला भेटेल, आणि तीही झाडांच्या चित्रांशेजारी.

लिनेयस याने १७५३ साली वनस्पतींना दोन पदांची शास्त्रीय नावे देण्याचा जो महाग्रंथ सिद्ध केला त्यात मलबारातील कित्येक जातींविषयी त्याच्यापुढे वाळवलेला नमुना नव्हता. होते ते केवळ ऱ्हेडेच्या ग्रंथातील वर्णन आणि चित्र. म्हणून आजही त्यांपैकी अनेक नावांचा अंतिम आधार, म्हणजे ज्यावरून ते नाव कोणत्या वनस्पतीचे हे ठरवावयाचे तो प्रमाणनमुना, हे चित्रच आहे. जमिनीच्या वादात जशी मूळ सनद पाहावी तसे नावाविषयी वाद पडला की वनस्पतिशास्त्रज्ञ ते पान उघडतात. कोचीनच्या त्या चित्रकाराची रेषा तेथे चुकली असती तर ती चूक शास्त्राच्या पायात जाऊन बसली असती.

कंपनी सरकारच्या अमदानीत ही कामगिरी मोठ्या प्रमाणावर चालली. कलकत्त्याच्या सरकारी बागेत विल्यम रॉक्सबर्ग याने देशी चित्रकारांकडून अडीच हजारांवर वनस्पतिचित्रे काढविली. त्याच्यानंतरच्या वॉलिखच्या पदरी विष्णुप्रसाद आणि गोराचंद होते. मद्रासेकडे रॉबर्ट वाइटपाशी रंगय्या आणि त्याच्या मागून गोविंदू होता, आणि वाइटने ऑर्किडांतील एका प्रजातीला गोविंदूचे नाव देऊन त्याचे ऋण मान्य केले. लघुचित्रांच्या परंपरेत तयार झालेला हात, साहेबाच्या भिंगाखालचे फूल, आणि लंडनच्या कागदावरचे लॅटिन नाव, असा हा त्रिवेणी कारभार होता. त्यांत मान कोणाला मिळाला हे सांगणे नलगे. मुंबई इलाख्यातही असे एक काम झाले. पुण्याजवळ दापोडी येथे गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ साली सरकारी बाग स्थापन केली. तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन, जो पुढे १८४७ साली या इलाख्याच्या जंगलखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला, त्याने १८४७ ते १८५० या काळात बागेतील झाडाफुलांची सुमारे १७० चित्रे काढवून घेतली. ती आता स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा असावा असे अभ्यासक मानतात. त्याचे नाव उपलब्ध नाही. अधिकाऱ्याची बढती, बदली आणि नेमणुकीची तारीख दप्तरात सापडते, आणि ज्याच्या बोटांनी ती पाने रंगविली तो केवळ ‘एक चित्रकार’ राहतो.

येथवर एकेका वनस्पतीचा आणि एकेका प्राण्याचा विचार झाला. परंतु निसर्गात कोणीच एकटे नसते, आणि हे कागदावर प्रथम ठामपणे आणण्याचे श्रेय बहुतांशी एका स्त्रीकडे जाते. मारिया सिबिला मेरियन ही १६४७ साली फ्रँकफुर्ट येथे जन्मलेली चित्रकर्ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १६९९ मध्ये, आपल्या मुलीस बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम या डच वसाहतीत गेली आणि तेथील कीटकांवरचा तिचा ग्रंथ १७०५ साली प्रसिद्ध झाला. तिच्या आधीचे बहुतेक लोक फुलपाखरू टाचणीला टोचून, पांढऱ्या कागदावर अधांतरी काढीत. मेरियनने अंडे, अळी, कोश आणि पंख फुटलेले फुलपाखरू ही चारही रूपे, अळी जे पान खाते त्याच झाडावर, कुरतडलेल्या कडांसकट दाखविली. कोण कशावर जगते हे सांगणारे चित्र असे त्याचे वर्णन करता येईल. तिच्या एका चित्रात मोठा कोळी एका चिमुकल्या गुंजनपक्ष्याला खात आहे. एकोणिसाव्या शतकातील काही पंडितांनी बाईची भाकडकथा म्हणून त्याची टर उडविली, आणि मग हेन्री बेट्स या निसर्गवेत्त्याने ॲमेझॉनच्या खोऱ्यात पक्षी मारणारा कोळी स्वतः पाहून १८६३ साली तसे लिहिले. पंडितांनी क्षमा मागितल्याची नोंद नाही.

संबंधांचे चित्र संपूर्ण पर्वताएवढे मोठे करून दाखविले ते आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट याने. इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वतावर तो १८०२ साली चढला आणि १८०७ मध्ये त्याने त्या पर्वताचा एक भव्य छेद प्रसिद्ध केला, ज्याची एक बाजू रंगीत निसर्गदृश्य आहे आणि दुसऱ्या बाजूवर, ज्या उंचीवर जी वनस्पती उगवते त्याच उंचीवर, तिचे नाव छापलेले आहे; दोन्ही कडांना तापमान, हवेचा दाब, आर्द्रता यांचे रकाने. पर्वत हा कोष्टकाचा तक्ता झाला आणि तरीही पर्वत राहिला. उंची बदलली की हवामान बदलते आणि हवामान बदलले की वनस्पती बदलते, हा सिद्धान्त ज्याला अनेक पानांत पटणार नाही त्याला त्या एका पानात दिसतो.

दुर्दैवाने परिसंस्थेचे जे चित्र आपल्या मुलांच्या वाट्याला येते ते हुम्बोल्टच्या वंशातले नसते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार ही पाच नावे बाणांनी जोडलेली असतात. बाणाचे टोक खाणाऱ्याकडे असावे, कारण अन्नातली ऊर्जा तिकडे जाते, हे पुष्कळदा सांगितलेलेच नसते, म्हणून विद्यार्थी ते उलटे काढतात आणि घार जणू सापाला पोसते असे दिसू लागते. बुरशी, जिवाणू, गांडुळे, म्हणजे ज्यांच्यावाचून हा सारा व्यवहार ठप्प होईल असे प्राणी आणि अप्राणी, कोपऱ्यात एका चौकटीत ढकलले जातात किंवा वगळलेच जातात. वगळणे ही या कलेची शक्ती आहे असे मी वर म्हटले. अज्ञानाने केलेले वगळणे हाच तिचा सर्वांत मोठा धोका आहे.

आणि चित्राला विषय नाही असे तर मुळीच नाही. कासच्या पठारासारखा सह्याद्रीतला एखादा जांभ्याचा सडा घ्या. भाद्रपदात तेथे फुलांचा गालिचा पाहण्यास हजारो माणसे लोटतात आणि त्यांच्या हातांतील प्रत्येक यंत्र त्या रंगांचे छायाचित्र घेते. त्या छायाचित्रात रंग येतो, कारण येत नाही. कारण जमिनीखाली आहे. कठीण कातळावर जेमतेम काही बोटांची माती, तीही पावसाने धुतलेली, नत्राच्या बाबतीत कंगाल. वर्षाचे आठ महिने रखरखीत आणि चार महिने पाणथळ. अशा ठिकाणी मोठे झाड मूळ धरू शकत नाही आणि म्हणूनच सीतेची आसवे, गेंद, सोनकी, तेरडा, कवला अशा अल्पायुषी रोपट्यांना राज्य मिळते. त्यांतील ज्या सीतेच्या आसवांना आपण निळीजांभळी नाजूक फुले म्हणून नावाजतो ती वस्तुतः मांसाहारी वनस्पती आहे. ओल्या मातीत तिच्या सूक्ष्म पिशव्या दबा धरून असतात, पिशवीच्या तोंडाचा केस हलला की झडप उघडते आणि जवळचा सूक्ष्म जीव पाण्यासकट आत ओढला जातो. माती जे नत्र देत नाही ते ती अशा रीतीने वसूल करते. कातळ, माती, मुळे, पिशव्या आणि वर फुले, असा सड्याचा उभा छेद; शेजारी ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंतचे सड्याचे बदलते रूप; आणि एका कोपऱ्यात मापपट्टी: एवढे एक पान कुशल हाताने काढले तर गालिच्यावर पाऊल का ठेवू नये हे वेगळ्या फलकाने सांगण्याची गरज उरणार नाही. कारवीच्या सात वर्षांच्या चक्राचे, देवराईतल्या वृक्षांच्या थरांचे, भरतीओहोटीप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांनी उगवणाऱ्या खाडीतल्या खारफुटीचे असेच.

यासाठी लागणारा हात शाळेत तयार व्हावयाचा आणि शाळेतच तो बिघडतो. विज्ञानाच्या तासाला टेबलावर जास्वंदीचे फूल ठेवलेले असते, ब्लेडने ते उभे चिरलेलेही असते, आणि मुले मान खाली घालून जर्नलात जी आकृती उतरवीत असतात ती पुस्तकातील असते, कारण गुण त्या आकृतीला मिळतात. समोरच्या फुलात पुंकेसर वाकडा असला तरी जर्नलात तो सरळ येतो. शिक्षकांना विनंती अशी की वर्षातून एकदा तरी पुस्तक मिटवून, मुलांच्या हाती गावातल्याच झाडाचे एकेक उंबर द्यावे, आणि ज्याने त्याने आपल्या उंबरात जे दिसले तेवढेच काढावे. चाळीस मुलांच्या चाळीस आकृत्या निरनिराळ्या आल्या तर त्या चुकीच्या न मानता एकमेकींशी ताडून पाहाव्यात. प्रकाशकांना विनंती याहून अल्प आहे. ज्या पुस्तकात झाडाचे अथवा प्राण्याचे चित्र छापाल त्यात चित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव, नमुना कोणत्या गावचा व कोणत्या महिन्यातला, आणि शेजारी मापपट्टी एवढे छापावे. त्याला एका ओळीहून अधिक जागा लागत नाही.